नांग्यातली शेगडी

१

आमच्या दक्षिण गोलार्धात सप्टेंबर म्हणजे वसंत, आणि तो लागला की आमच्या पलंगाच्या डोक्याशी एक घंटा टांगली जाते. तिची तार बागेतल्या थर्मामीटरला जोडलेली असते. पारा शून्याकडे घसरला की ती कोकलायला लागते, आणि रॉक्सबर्ग गावापासून खाली नदीपर्यंत सगळ्या बागाईतदारांच्या घरांत दिवे लागतात. ऐन बहरावर दहिवर गोठलं, की फुलाच्या पोटातलं इवलंसं फळ काळं पडतं आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. इतकं साधं आहे हे. यात भुताखेताला कुठे जागाच नाही. आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या खोऱ्यातली माणसं जरा गारठा पडला की आधी अक्कल झाकून ठेवतात, मग झाडं.

त्यात माझा नवरा लिंडसे मॅकिसॉक पहिल्या नंबरवर. माणूस चांगला. चांगला म्हणजे काय, तर कुणालाही नाही म्हणता न येणारा. चहा फुर्र फुर्र आवाज करून पिणार, शिट्टी वाजवणार ती बेसूर, आणि शेगडीसमोर अशी तंगडी पसरणार, की मला स्वयंपाकघरात उडी मारून फिरावं लागे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून या तीन गोष्टींवरून बोलते आहे. एका कानाने ऐकतो, दुसऱ्याने सोडून देतो.

नदीकाठचा जर्दाळूचा तुकडा मात्र माझा. कागदोपत्री असेल मॅकिसॉकांचा, पण त्यातल्या एकेका झाडाच्या कलमाचा डोळा मी स्वतःच्या हातांनी भरलाय. आम्हाला मूल झालं नाही. त्यावर कुणी हळहळायची गरज नाही, मला झाडं होती. पण नदीकाठी गारठा जास्त, बहर सारखा जळायचा. शेवटी लिंडसे म्हणाला, "रोना, द्राक्षवाले जमीन मागतायत. या वर्षी बहर टिकला तर तुझे जर्दाळू राहतील. नाही टिकला तर हिवाळ्यात उपटू." आयुष्यात एकदाच ठाम बोलला, तेही यावर.

त्या तुकड्याच्या मधल्या ओळीत एका झाडाची जागा मोकळी आहे. अशा जागेला नांगा म्हणतात, आणि शहाणा माणूस पुढच्याच हिवाळ्यात रोप लावून नांगा भरतो. हा कुणी कधी भरला नाही. माझे सासरे एर्नी थंडीच्या पहाटे झाडांखाली डिझेलच्या शेगड्या पेटवायचे, तेव्हा एक शेगडी या नांग्यातही ठेवायचे. शेजारी एक पत्र्याची बादली उपडी घालायचे. बसायला! कुणाला, ते विचारलं तर म्हणायचे, "असू दे." सासरे गेले, बाकीच्या शेगड्या भंगारात गेल्या, पण ही एक शेगडी आणि ती बादली लिंडसेने चालूच ठेवली. त्या बादलीचं बूड सैल झालं होतं. कुणी टेकलं की टण्‌कन आत जायचं.

"उगाच डिझेल जाळतोस, लिंडसे," मी दर वेळी म्हणायचे. "तिथे कुणी नाही."

"असू दे," तो म्हणायचा. बापाचा तोंडवळाच काय, उत्तरसुद्धा तेच.

२

गेल्या वर्षी मी नदीकाठच्या तुकड्यावर फवारे बसवून घेतले. गारठ्यात फुलांवर पाणी मारायचं म्हणजे ज्याला माहीत नाही त्याला वेडेपणा वाटेल. पण पाणी गोठताना थोडी ऊब सोडतं, आणि फूल बर्फाच्या आत सुखरूप राहतं. नियम एकच. एकदा पाणी सुरू केलं, की सूर्य वर येऊन बर्फ आपोआप गळेपर्यंत बंद करायचं नाही. मधेच थांबलात तर ओलं फूल दुप्पट गारठतं आणि हातचं सगळं जातं. आमच्याकडे पोरं हे पाळण्यातच शिकतात.

फवारे आले म्हणजे शेगडीचं काम संपलं. मी बादली गोठ्यामागे टाकली, शेगडी घासून पुसून दारात ठेवली, तिच्यात माती भरली आणि जिरेनियम लावले. लाल फुलं छान दिसत होती. लिंडसे दाराशी उभा राहून बराच वेळ बघत होता. बोलला काही नाही.

बोलल्या त्या शेजारच्या थेल्माबाई. नवरा जाऊन जमाना झाला, तेव्हापासून दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय यावरच त्यांचा दिवस जातो. चीज घालून भाजलेल्या पावाच्या गुंडाळ्या घेऊन आल्या आणि जिरेनियमपाशीच अडल्या.

"अगं रोना, ही एर्नीची शेगडी ना? नांग्यात काय ठेवणार मग?"

"काही नाही. नांग्यात कुणी नसतंच, थेल्माबाई. नसलेल्याला शेगडी लागत नाही."

"एर्नीपण असंच म्हणायचा गं. हसायचा चांगला खो खो."

"मग हसायचे थांबले कधी?"

"त्याचा भाऊ घरी परत आला तेव्हापासून. हेक्टर. पहाटे दहिवरात बागेत गेला होता."

मला हसूच आलं. हेक्टरकाकांना मी पाहिलं होतं. आमच्याच घरात म्हातारे होऊन वारले. गरीब गाय. ना कुणाशी बोलणं, ना काही मागणं. शेगडीपासून लांब, खिडकीशी बसून असायचे. "परत आले होते ना? मग शेगडी कुणासाठी पेटवायची?"

"तेच तर," थेल्माबाई म्हणाल्या आणि रिकामं ताट न घेताच गेल्या. बाईला वाक्य पुरं करायचं वळणच नाही.

३

पहिली घंटा झाली, पंप सुरू केला, पाणी सोडलं. उजाडलं तेव्हा मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. खाली सगळा तुकडा काचेचा झाला होता. फवारे टिक टिक फिरत होते आणि फांद्यांवरचा एकूण एक गुच्छ बर्फात बंद होता. देखणं होतं, मलासुद्धा कबूल करावं लागतं.

मग नांग्याकडे लक्ष गेलं. तिथे काहीतरी उभं होतं. पांढरं, माणसाएवढं.

आता नीट विचार केला पाहिजे. फवाऱ्याचं पाणी हवेवर गोठत नाही. त्याला धरायला फांदी, तार, खांब, निदान गवताची काडी लागते. नांग्यात घोट्याएवढ्या गवताशिवाय काही नव्हतं. म्हणजे कुणीतरी तिथे खांब रोवला होता. कुणीतरी म्हणजे दुसरं कोण?

"लिंडसे, नांग्यात खांब कशाला रोवलास?"

तो शेगडीसमोर तंगडी पसरून बसला होता. अंगात मी विणलेला करडा स्वेटर, वेण्यांच्या विणीचा. त्यात डाव्या छातीवरच्या वेणीचा एक पेड मी चुकून उलटा टाकला होता. उसवायचा कंटाळा केला. त्याला कुठे काय कळतंय! पण कळलं होतं. "माझ्या काळजावर गाठ मारलीस," असं येणाऱ्याजाणाऱ्याला छाती पुढे काढून दाखवायचा.

"कसला खांब?" म्हणत तो उठला आणि खिडकीशी आला. बघितलं. मग कप फुर्र न करताच खाली ठेवला.

ऊन चढलं, बर्फ तडतडायला लागला, तसं पाणी बंद करून मी रबरी बूट चढवले आणि खाली गेले. नांग्यातलं ते सोंग अर्धं ढासळलं होतं. आत खांब नव्हता. काठी नव्हती. आत नुसती पोकळी होती, आणि तिच्याभोवती अंड्याच्या टरफलासारखं बर्फाचं कवच. मी एक तुकडा उचलला. बाहेरून गुळगुळीत, आतून खडबडीत. उन्हात धरला तर आतल्या अंगाला विणीचा ठसा होता. वेण्या. एका वेणीचा पेड उलटा वळलेला.

तो तुकडा हातातच पाणी होऊन गेला. बरंच झालं. वेण्यांचे स्वेटर काय, खोऱ्यातली प्रत्येक बाई विणते, आणि निम्म्या जणी चुकतात. नाहीतर या महाशयांनीच रात्री स्वेटर काठीवर टांगून ठेवला असेल आणि पहाटे गुपचूप काढून आणला असेल. शेगडी परत मिळावी म्हणून ही थट्टा. मी तरातरा घरी आले आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बघितला.

स्वेटर कोरडाठाक होता. शेगडीची ऊब होती त्याला.

"काय गं?" तो म्हणाला.

"काही नाही. सरक, तंगडी आवर."

४

दुसऱ्या वेळी मी आधीच लक्ष ठेवून होते. उजाडता उजाडता नांगा दिसायला लागला आणि तो होता तिथेच. या वेळी हात पुढे होते. दोन्ही हात, तळवे खाली, शेगडीवर शेकायला धरतात तसे.

तुम्हाला काय वाटतं, मी किंचाळले? आमच्याकडे किंचाळायला थेल्माबाई आहेत. बर्फ गळायची वेळ झाली तशी मी फावडं घेतलं आणि गेले. जवळून ते काही माणसासारखं नव्हतं. म्हणजे, होतं. पण ढगसुद्धा घोड्यासारखा दिसतो. मी फावडं उगारलं.

"रोना, फोडू नकोस!" लिंडसे फाटकापासून धावत येत होता. धावताना मी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी फोडलं. छातीच्या उंचीवर एक घाव घातला. कवच खळ्‌कन फुटलं आणि आतून वाफ निघाली. फार नाही. थंडीत आपण तोंड उघडल्यावर निघते तेवढीच.

बर्फावर ऊन पडलं की वाफ निघतेच. यात काय एवढं? लिंडसे मात्र चेहरा पांढरा करून उभा.

"मला ती शेगडी देशील का?" घरी आल्यावर तो म्हणाला. मागतोय तेही असं, जसं काही माझ्या बापाची होती.

"कशाला?"

"त्याला थंडी वाजते."

"कुणाला, लिंडसे? नाव सांग. गाव सांग. जेवायला बोलवू आपण त्याला."

"ते बाबांनी कधी सांगितलं नाही. फक्त म्हणाले, त्याला ऊब देत जा, म्हणजे तो दुसऱ्याची घ्यायला येणार नाही."

मी कपाळावर हात मारला. हा माणूस ट्रॅक्टर चालवतो, मतदान करतो! तो उठून दारात गेला आणि जिरेनियम उपटायला वाकला. मी उंबऱ्यात उभी राहिले.

"त्या कुंडीला हात लावशील तर बघ. लोक म्हणतील, मॅकिसॉकांच्या घरात नांग्याला नैवेद्य दाखवतात. मला या खोऱ्यात मान वर करून राहायचंय."

दुसरा एखादा नवरा म्हणाला असता, सरक बाजूला. याने तसं म्हटलं नाही. कुंडीवरचा हात हळूच काढला आणि हाताची माती पँटला पुसली.

५

मग ते शेवटचं दहिवर आलं, दक्षिण वारा घेऊन. वरच्या डोंगरावर बर्फ पडला होताच, पहाटे आमच्याकडेही भुरभुरायला लागला. फुलं पूर्ण उमललेली. हीच ती पहाट, इथे तुकडा वाचला तर वाचला. पाणी आधीच सुरू केलं होतं. मी पंपाच्या खोलीत दाब सांभाळत उभी. जरा दुर्लक्ष केलं की या पंपाचा दाब पडतो, त्यामुळे मला तिथून हलता येत नव्हतं.

फटफटायला लागलं तेव्हा लिंडसे सांगत आला, "नांग्याजवळचा फवारा गोठून अडकलाय."

"मग जाऊन ठोक ना. मुहूर्त बघतोयस का? आजूबाजूची झाडं जातील."

त्याने हातोडा घेतला. रेनकोट चढवला. दाराशी थांबला. "तू येतेस का जरा?"

"मी पंप सोडून येऊ? तुझा हात धरायला?"

"तसं नाही."

"भीती वाटत असेल तर शिट्टी वाजवत जा."

तो हसला. हो, हसला तो, माझ्या बोलण्यावर तो नेहमीच हसायचा. आणि खरंच शिट्टी वाजवत गेला. तीच बेसूर. पांढऱ्या धुरकट उजेडात तो मला खिडकीतून दिसत होता, मग झाडांनी झाकला गेला. शिट्टी खाली खाली जात राहिली, आणि मधेच, सूर अर्धा असतानाच, थांबली. पाठोपाठ ठोकल्याचा आवाज आला. अडकलेला फवारा टिक टिक फिरायला लागला. मला हायसं वाटलं.

"रोना! पाणी बंद कर!"

त्याचाच आवाज. मी पाण्याच्या झडपेच्या चाकावर हात ठेवला. ठेवला, फिरवला नाही. वेड लागलंय का याला? बर्फ गळायला अजून अवकाश होता. आत्ता पाणी तोडलं तर सूर्य वर यायच्या आत सगळा बहर मेला असता. हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

"रोना, बंद कर गं! हे सोडत नाही —"

आवाज बारीक झाला होता, जाड रजईखालून आल्यासारखा. मला संताप आला. शेगडी मिळाली नाही म्हणून माझ्या झाडांच्या जिवावर हे नाटक! मी खिडकी ढकलून ओरडले, "पुरे झालं! बर्फ गळेपर्यंत पाणी बंद होत नाही, विसरलास का?"

उत्तर आलं नाही. नुसते फवारे फिरत होते.

"झालं," मागून कुणीतरी म्हणालं. "फवारा सुरू झाला."

लिंडसे दारात उभा होता. मी दचकले, मग दचकले म्हणून स्वतःवरच चिडले. "मघाशी ओरडत कशाला होतास?"

"मी नाही ओरडलो."

खालून येणारी वाट पंपाच्या खिडकीसमोरूनच येते. मी खिडकीतच उभी होते, त्या वाटेने कुणी आलं नव्हतं. आणि इतका वेळ फवाऱ्यांखाली असलेल्या माणसाच्या रेनकोटावर बर्फाची खपली नव्हती, थेंब नव्हता. रेनकोटाची बटणं उघडी होती. आत करडा स्वेटर. वेण्या. उलटा पेड मला दिसला.

तो उजव्या छातीवर होता.

मी खिडकीबाहेर पाहिलं. भुरभुरत्या बर्फात नीट दिसत नव्हतं, पण नांग्यात काहीतरी पांढरं हलत होतं. हळू हळू. दर वेळी आधीपेक्षा हळू, आणि आधीपेक्षा जाड. वाऱ्याने फांदी हलते तसं, असं मी स्वतःला सांगितलं. वारा केव्हाच पडला होता.

चाक माझ्या हाताखालीच होतं. कुणीही बागाईतदार सांगेल, अशा वेळी पाणी बंद करायचं नसतं. मी नाही केलं.

"बरोबर," दारातला म्हणाला.

६

ऊन आलं, बर्फ गळाला, तेव्हा कुठे मी चाक फिरवलं आणि खाली धावले. नांग्यातलं कवच अजून उभं होतं. पूर्वीसारखं टरफल नाही, हातभर जाड. एका बाजूने ते ढासळलं आणि आत पाहिलं तर पोकळी. आतल्या अंगाला तळव्यांचे ठसे होते. बोट न्‌ बोट ओळखू येईल असे, जागोजागी, जिथे जिथे आतून दाबलं होतं तिथे तिथे. तोंडाच्या उंचीवर एक गोल भोक होतं. शिट्टी वाजवताना ओठांचा होतो तेवढा गोल.

पायाशी हातोडा जमिनीला गोठून चिकटला होता.

मी हाका मारल्या. कुणाला म्हणून विचारू नका. नवरा वर स्वयंपाकघरात बसलेला होता, धुराड्यातून धूर निघत होता, आणि मी रिकाम्या नांग्यात उभी राहून लिंडसे, लिंडसे म्हणून ओरडत होते. खोऱ्यात कुणी ऐकलं असतं तर मान वर करायची सोय उरली नसती.

बहर वाचला. जानेवारीत फांद्या टेकू देऊनसुद्धा वाकल्या, असे जर्दाळू आले. थेल्माबाई मुरंब्यासाठी टोपली भरून न्यायला आल्या. खिडकीशी बसलेल्या त्याच्याकडे बघितलं आणि त्यांचा हात टोपलीतच राहिला.

"घरी आला ना?" त्या हळूच म्हणाल्या.

"घरीच होता," मी म्हटलं.

"हो गं. हेक्टरपण घरीच होता." या वेळी वाक्य पुरं केलं बाईने. नसतं केलं तर बरं झालं असतं.

तो मला कशालाही नाही म्हणत नाही. पण लिंडसे 'नाही' म्हणायचा नाही, तेव्हा मनातून खट्टू तरी व्हायचा. हा होत नाही. चहा समोर ठेवला की गार होईपर्यंत बघत बसतो, मग एका घोटात, आवाज न करता पितो. शिट्टी नाही. शेगडीपासून लांब बसतो, तंगडी आवरून. उन्हाळ्यात सगळे घामाने निथळत होते, तेव्हा झोपेत त्याचा हात माझ्या हाताला लागला आणि मी सकाळपर्यंत पलंगाच्या कडेला बसून राहिले. आयुष्यभर ज्या ज्या गोष्टींवरून मी लिंडसेला बोलले, त्यातली एकही हा करत नाही. अगदी मला हवा होता तसा नवरा मिळालाय, आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.

तो फुर्र फुर्र आवाज मला ऐकायचाय. लाज वाटते सांगायला, पण ऐकायचाय. एकदा तरी.

७

या वर्षीची पहिली घंटा आज पहाटे वाजली. तो आधीच उठून बसला होता. झोपतो की नाही कुणास ठाऊक.

"पंप सुरू करतो," तो म्हणाला.

"नको."

"बहर जाईल."

"जाऊ दे."

नदीकाठच्या तुकड्याला चाक एकच आहे. सोडलं तर सगळीकडे पाणी, नाहीतर कुठेच नाही. नांगा तेवढा वगळता येत नाही, आणि तिथे उभ्या असलेल्यावर आता मी पाणी घालणार नव्हते. मी दारातल्या कुंडीतले जिरेनियम मुळासकट उपटून फेकले. माती उपसली, शेगडी झटकली, डिझेल भरलं. बादली गोठ्याच्या मागे होती, ती शोधली. हे सगळं उचलून खाली नेईपर्यंत पूर्वेला फटफटलं होतं.

गेल्या वर्षीपेक्षाही दाट बहर होता. ओळीच्या ओळी पांढऱ्या, उघड्या, गारठ्यात तशाच. पाकळ्यांच्या कडांवर दहिवर चढताना दिसत होतं. एकेका झाडाशी थांबावंसं वाटलं. थांबले नाही. नांग्यात शेगडी ठेवली, पेटवली, शेजारी बादली उपडी घातली. थेल्माबाईंच्या स्वयंपाकघरात दिवा होता. बघत असणार. बघू देत.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली गेली. तो तिथे उभा होता.

"उगाच डिझेल जाळतेस, रोना," त्याने वरून हाक दिली. "तिथे कुणी नाही."

शब्द माझेच होते. शेवटी नाक मुरडायची लकबसुद्धा माझीच होती. इतकी वर्षं लिंडसेला हे असं ऐकू येत होतं तर.

मी त्याच्याकडे पाठ केली. वरती बहर गोठत होता, पाकळीचाही आवाज न होता. मी बादली शेगडीच्या आणखी जवळ सरकवली.

"बस, लिंडसे," मी म्हटलं. "शेक हात. तंगडी पसर हवी तर."

बराच वेळ काही झालं नाही. मग बादलीचं बूड टण्‌कन आत गेलं.